पुस्तक मिटा आणि अभ्यास करा!

परीक्षा जवळ आली की विज्ञानाचे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचे, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायच्या, हीच तुमची उजळणीची पद्धत असेल. तिसऱ्या वाचनाला धडा अगदी ओळखीचा वाटू लागतो. पण प्रश्नपत्रिका हाती पडली की तोच धडा आठवत नाही! असे का होते? ओळखणे आणि आठवणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पुस्तक उघडे असताना आपण नुसते ओळखत असतो. परीक्षेत मात्र आठवावे लागते.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व ते १८८५ साली प्रसिद्ध केले. तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, हे तो मोजत असे. सुमारे एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के वेळ वाचला. म्हणजे विसरण्याचा वेग आरंभीच सर्वांत जास्त असतो. त्याला आणखी एक गोष्ट आढळली. आदल्या दिवशी एकदम केलेल्या ६८ आवृत्त्यांचे काम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी भागते!

२००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळच्या सत्रांत वाचतच राहायचे. दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत न पाहता आठवून लिहायचे. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, तर लिहिणाऱ्यांना ६१ टक्के!

मग तुम्ही काय करावे? धडा एकदा समजून वाचा आणि पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर हृदयाची आकृती काढा, नावे द्या. फुफ्फुसशिरा कोणत्या कप्प्यात उघडतात? हवेतून पाण्यात शिरणारा प्रकाशकिरण स्तंभिकेकडे झुकतो की तिच्यापासून दूर जातो? उत्तरे लिहून झाल्यावरच पुस्तक उघडा आणि चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करा. हे पडताळणे टाळू नका, नाहीतर चूकच पक्की होईल. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने हेच पुन्हा करा. आठवताना डोक्याला ताण पडेल. पण त्या ताणातूनच स्मरण पक्के होते.

शिक्षकांनीही तासाच्या आरंभी मागील धड्यावर पाच प्रश्न विचारावेत. त्यांना गुण नकोत. म्हणजे भीतीही नाही.

आता हा अंक मिटा पाहू! एबिंगहाउसला काय आढळले, ते चार ओळींत लिहा. मग अंक उघडून ताडून पाहा.