बास गरवण्याआधी हे गैरसमज सोडा

शनिवारी बास गरवायला जातो म्हटलं, की डॅलसमधल्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे हॉटेलात मिळतो तो बासा?" नव्हे. बासा हा मूळचा मेकाँग खोऱ्यातला, मिशांचा पंगास. लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला. पाठ हिरवी, कुशीवर काळपट पट्टा आणि जबडा एवढा मोठा, की त्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. समुद्रात ज्यांना बास म्हणतात त्यांच्याशीही याचं जवळचं नातं नाही. याचं कूळ सनफिशचं.

मी मालवणचा. आजोबांबरोबर कर्लीच्या खाडीवर गरवायला शिकलो. गरी, दोरा आणि सुंगटाचा तुकडा, एवढंच आमचं सामान. टेक्सासात आलो तेव्हा इथल्या दुकानात एक अख्खी भिंत रबरी गांडुळांनी भरलेली पाहिली. एकाच गांडुळाचे तीस-चाळीस रंग. बरोबरचा अनुभवी माणूस म्हणाला, चुकीचा रंग लावलास तर मासा ढुंकूनही बघणार नाही. पुष्कळ वर्षं मी हे खरं मानलं आणि पगारातले बरेच पैसे त्या भिंतीला वाहिले.

वस्तुस्थिती अशी, की बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. एक हिरव्याला जागणारी, दुसरी लालला. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासना खाऊचं बक्षीस देऊन ठरावीक रंगावर तोंड मारायला शिकवलं आणि त्यांचे निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. लाल आणि हिरवा हे मासे चांगले ओळखत. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत मात्र त्यांचा घोटाळा होई, तसाच काळा आणि निळा यांतही. म्हणजे काळं की गडद निळं यावर दुकानात अर्धा तास घालवायचं कारण नाही. त्यात लाल प्रकाश पाण्यात सगळ्यांत आधी विझतो. थोडं खोल गेलं की लाल गांडूळ काळपटच दिसणार. आता माझ्या डब्यात तीन रंग असतात: एक गडद, एक फिकट, एक हिरवट. आमिष कुठे पडतं आणि किती सावकाश हलतं, यावर जास्त अवलंबून असतं. टेक्सासचा 18.18 पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा विक्रमी बास जानेवारी 1992 मध्ये लेक फोर्कवर बॅरी सेंट क्लेअर यांना मिळाला. तो कुठल्या रंगीत गांडुळावर नाही, तर क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी लावलेल्या जिवंत मासोळीवर.

दोऱ्याबद्दल थोडक्यात. फ्लुरोकार्बनचा दोरा पाण्यात अदृश्य होतो असं सांगून विकतात. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुरोकार्बनचा 1.42, नायलॉनचा साधारण 1.53. म्हणजे तो कमी दिसतो, नाहीसा होत नाही. त्याचा खरा गुण म्हणजे तो बुडतो. म्हणूनच पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला तो लावू नये, आमिषाचं नाक खाली ओढलं जातं. तिथे तरंगणारा, विणलेला दोराच बरा.

"बोलू नको, मासे पळतील," हे आजोबाही म्हणत. हवेतला आवाज बहुतेक पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो, त्यामुळे गप्पांनी फारसं बिघडत नाही. होडीच्या तळावर आपटलेली वस्तू मात्र थेट पाण्यात घुमते. एकदा माझ्या हातून पक्कड पत्र्याच्या होडीत पडली आणि समोरच्या वेलींतली सगळी चिंगळं क्षणात फुटून गेली. बासला कान आहेत, बाहेरून दिसत नाहीत इतकंच. शिवाय कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी पार्श्वरेषा त्याला पाण्यातली हालचाल कळवते. गढूळ पाण्यातही तो अचूक झडप घालतो तो त्यामुळेच.

पुढचा गैरसमज माशाच्या जिवावर उठणारा आहे. लहान सोडावेत, मोठे ठेवावेत, असं आपल्याकडे सगळेच मानतात. पण बासमध्ये मोठा मासा म्हणजे जवळजवळ नेहमी मादी. नर क्वचितच दोन-अडीच किलोंच्या वर जातो. वसंतात तोच उथळ पाण्यात शेपटीने खळगा करतो आणि अंड्यांवर, मग पिल्लांवर पहारा देतो. त्याला उचलून नेलं की सनफिश ती अंडी बघता बघता फस्त करतात. म्हणून लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावाच लागतो आणि 24 इंचांचा किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. खायचेच असतील तर 16 इंचांखालचे घ्यावेत, चवीलाही तेच चांगले.

आणि "सोडला, पोहत गेला, म्हणजे वाचला" हाही गैरसमजच. माझा पहिला पाच पौंडांचा बास मी खालच्या ओठात अंगठा घालून उभा लटकवला, कोरड्या हाताने पोटावरून पुसला आणि चार-पाच फोटो होईपर्यंत तसाच धरला. सोडला तेव्हा शेपटी मारून तो खाली गेला. दुपारी परतताना धक्क्याजवळ तो पोट वर करून तरंगत होता. ओठाजवळची जखम ओळखीची होती. त्या दिवसाचा फोटो मी कुणाला दाखवत नाही.

उभ्या धरलेल्या मोठ्या माशाचं सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर येतं. पाण्यात त्याने ते कधी पेललेलं नसतं. अंगावरचा बुळबुळीतपणा हे त्याचं रोगांपासूनचं कवच आहे आणि कोरडा हात तो पुसून काढतो. गरी घशात गेली असेल तर ओढून काढण्यापेक्षा दोरा जवळून कापणं चांगलं. गरी दोन दिवसांत गंजून पडते असं मात्र समजू नका, ती बरेच दिवस राहू शकते. म्हणून दोरा ताणलेला ठेवावा, म्हणजे गरी बहुधा ओठातच लागते.

सोडून देण्याचा नियम सगळीकडे लागू नाही, हेही सांगायला हवं. जपानच्या बिवा सरोवरात बास बाहेरून आलेला आहे आणि तिथल्या मूळच्या माशांना त्याने छळलं आहे. तिथे धरलेला बास परत पाण्यात सोडायला 2003 पासून बंदी आहे. त्याच सरोवरात 2009 मध्ये मानाबू कुरिता यांनी 22 पौंड 4 औंसांचा बास धरून जॉर्ज पेरी यांच्या 1932 च्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

पण टेक्सासचं पाणी बासचं स्वतःचं आहे. इथे गरवायला याल तेव्हा परवाना आणि पट्टी बरोबर ठेवा. मासा उचलण्याआधी हात ओले करा, दुसरा हात पोटाखाली धरा आणि तो पाण्याबाहेर असेपर्यंत स्वतःचा श्वास रोखून ठेवा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला, की त्याला पाण्यात सोडा.