प्रकाश्याची पांढरी

इंग्लंडातील खेड्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास चर्चच्या नोंदवह्यांचा मोठा आधार असतो. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३८ साली निघालेल्या हुकुमान्वये प्रत्येक पॅरिशमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद तेथे होऊ लागली. आमच्या मौजे-कसब्यांच्या दफ्तरांत सारा व वतने यांपलीकडे फारसे काही सापडत नाही. परंतु गावठाणाखालची पांढरी वाचता आली, तर तिच्यापुढे कोणतेही दफ्तर अर्वाचीनच ठरावे.

नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा हे याचे उत्तम उदाहरण होय. मुलताईस उगम पावून पश्चिमसमुद्राकडे निघालेल्या तापीस, सातपुड्यातून उतरून शहाद्यावरून येणारी गोमाई जेथे मिळते, तेथे उंच काठावर हे गाव वसले आहे. सभोवारची काळी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाची झीज होऊन बनलेली. तिच्यातील चिकणमाती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, म्हणून ती कापसास मानवते, पण घराच्या भिंतीस मानवत नाही. त्याच खडकाच्या पोकळ्यांत साचलेल्या सिलिकेपासून गारगोटीच्या जातीचा कॅल्सेडनी झाला, आणि येथील आद्य वसाहतकारांना पात्यांसाठी दगड मिळाला.

१९५४-५५ च्या हंगामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी येथील टेकाड खणले, तेव्हा वस्तीचे चार कालखंड एकावर एक रचलेले आढळले. तळाशी ताम्रपाषाणयुग : कॅल्सेडनीची बारीक पाती, तांब्याच्या मोजक्या वस्तू, माळव्याच्या धाटणीची रंगीत खापरे, आणि त्यांच्या जोडीस पुढे प्रवरातीरावरील जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी भांडी. त्यावर लोहयुग, आणि त्याच थरांत गंगेच्या खोऱ्यातील काळी, झिलईदार खापरे. तापीचे खोरे हा उत्तर व पश्चिम किनारा यांना जोडणारा राबता मार्ग सुरत-बऱ्हाणपूरच्या व्यापाराच्या कितीतरी आधीपासून होता, याची ही साक्ष मला कोणत्याही सनदेहून अधिक मोलाची वाटते.

पांढरीचा रंगही निव्वळ योगायोगाचा नव्हे. चुलीची राख, शेण, हाडे, ढासळलेल्या मातीच्या भिंती यांचे थर शतकानुशतके साचत गेल्याने तिच्यात चुना व फॉस्फरस यांचे प्रमाण वाढते. ही सुपीकता जाणूनच अनेक गावांतील शेतकरी ती गाड्या भरभरून शिवारात नेत आले. त्यांना दोष कसा द्यावा? पिकास खत हवेच असते. परंतु खापराचे सारे मोल ते कोणत्या थरात, कशाच्या खाली व कशाच्या वर पडले होते यावर अवलंबून असते, आणि शेतात विखुरलेल्या तुकड्यास ही जागा पुन्हा कोणीही देऊ शकत नाही. म्हणून गावठाणात पाया खणताना वा माती उचलताना रंगीत खापर अथवा दगडी पाते दिसल्यास काम क्षणभर थांबवून पुरातत्त्व खात्यास कळवावे, एवढी विनंती तापीकाठच्या ग्रामपंचायतींना करावीशी वाटते.