काचतंतूच्या विमानाची जमीन

आमचे कोयनानगर हे विमानांचे गाव नव्हे. येथे आकाशच मुळी बेताचे. चहूंकडे सह्याद्रीचे डोंगर. तथापि विमानाशी आमचा संबंध अगदीच नाही असेही नाही. कोयना धरणाच्या कामाची सोय व्हावी म्हणून १९५५ साली कऱ्हाडला विमानतळ बांधण्यात आला. आणि कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर ज्यांनी सहा आसनांचे विमान उभारले, ते कॅप्टन अमोल यादव मूळचे आमच्याच पाटण तालुक्यातले. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिले, तेव्हापासून घरी विमान बांधता येते काय, हा प्रश्न आमच्याकडे कोणी हसून विचारीत नाही.

आज मी जे सांगणार आहे ते घरगुती विमानाच्या एका लहानशा अंगाविषयी. माझा एक जुना विद्यार्थी परदेशी असतो. मोटार ठेवण्याच्या जागेत त्याने तीन वर्षे खपून दोन आसनांचे विमान बांधले. अंग सगळे काचतंतूंच्या कापडाचे व इपॉक्सी राळेचे, आरशासारखे गुळगुळीत. परंतु पहिल्या चाचणीत तो रेडिओवर बोलू लागला, तो टॉवरवर केवळ गुरगुर ऐकू गेली. बोलण्याचे बटण दाबले की पेट्रोलच्या मापकाची सुई टणकन उडे. त्याने मला फोन केला आणि विचारले, "मास्तर, शाळेत तुम्ही सांगलीच्या रेडिओच्या मनोऱ्याविषयी काही सांगितले होते, ते काय हो?"

ते असे. ज्या सांगली केंद्राचे कार्यक्रम ऐकत आमची पिढी वाढली, त्याची लहरसंख्या १२५१ किलोहर्ट्झ. म्हणजे लहरीची लांबी सुमारे २४० मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा ६० मीटर. अशा मध्यमलहरी मनोऱ्याच्या पायथ्यापासून तांब्याच्या तारा, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, चोहोंकडे जमिनीत पुरलेल्या असतात. वरचा मनोरा हा एरियलचा अर्धा भाग. उरलेला अर्धा जमीन पुरविते. शिवसागराच्या निश्चल पाण्यात काठावरच्या खांबाचे प्रतिबिंब पडून तो दुप्पट लांब दिसतो ना, तसेच हे. पाणी डहुळले की प्रतिबिंब मोडते. जमीन कोरडी व खडकाळ असली की रेडिओचे प्रतिबिंब मोडते. म्हणून त्या तारा.

विमानांच्या संभाषणाची लहरसंख्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. मधली १२७ धरली तर लहर २ मीटर ३६ सेंटिमीटर, व चौथा हिस्सा ५९ सेंटिमीटर. सांगलीचे साठ मीटर, येथे साठ सेंटिमीटर! प्रमाण तेच, केवळ शंभर पटींनी लहान. आणि त्या अर्ध्या एरियललाही जमीन लागतेच. ॲल्युमिनियमच्या विमानात ती फुकट मिळते, कारण सगळा पत्राच जमिनीचे काम करतो. काचतंतू मात्र वीज वाहून नेत नाही. रेडिओच्या लहरींना तो दिसतच नाही, म्हणा ना. तेव्हा जमीन आपण घालावी लागते. तिलाच 'ग्राउंड प्लेन' म्हणतात.

ती नसेल तर काय होते? वीज आपला अर्धा वाटा कोठून तरी घेतेच. केबलीत आत एक तार व भोवती जाळीचे वेष्टन असते. त्या वेष्टनाच्या बाहेरून ती परत विमानात शिरते, आणि मायक्रोफोन, मापके, वैमानिकाचा हेडफोन सगळ्यांना छेडते. सुई उडत होती ती यामुळे.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत बर्ट रुटान यांचे 'व्हॅरीईझी' विमान १९७५ साली उडाले. फोम कापून त्यावर काचकापड चढविण्याची रीत त्याने घरोघर पोहोचविली, आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांचे एरियल अंगाच्या आतच चिकटविण्याचीही चाल त्याच मंडळींत रुळली. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने रुटान यांच्या आराखड्यावरचे विमान १९८७ साली उडविले, व १९९३ साली तिचे काचतंतूचे 'हंसा' आकाशात गेले.

आता प्रत्यक्ष कृती. पोटाच्या कातडीला भोक पाडून खाली एरियलची काठी. तिच्या मुळाशी, आतल्या बाजूस, तांब्याची चकती. आणि चकतीपासून निघणाऱ्या, काठीइतक्याच लांबीच्या किमान चार पट्ट्या, आठ असल्यास उत्तम. त्या चकतीला डाग देऊन जोडाव्यात. टोके एकमेकांस जोडण्याची गरज नाही. केबलीचे जाळीचे वेष्टन चकतीला, आतली तार काठीला. अरुंद पोटात पट्ट्या आडव्या मावत नाहीत, त्या बाजूंच्या भिंतींवर चढवाव्या लागतात. यात तोटा नाही. सपाट जमिनीवर अशा एरियलचा अवरोध ३६ ओमच्या आसपास असतो. पट्ट्या काठीपासून दूर कलल्या की तो ५० कडे सरकतो, आणि केबल ५० ओमचीच असते.

माझ्या विद्यार्थ्याने हे सर्व केले, तरी गुरगुर थांबेना. अखेर सापडले ते हे, की चकती आणि एरियलची बैठक यांच्यामध्ये राळेचा झिरझिरीत थर राहिला होता. डोळ्यांना सांधा पक्का, विजेला मात्र भिंत! खरवडून उघडे तांबे केले, तेव्हा काम झाले.

कार्बनतंतूची गोष्ट निराळी. तो वीज वाहतो, परंतु तांब्याइतकी नव्हे. म्हणून त्यावर भरवसा न ठेवता पट्ट्या घालणेच बरे. आणि त्याच्या आत एरियल लपवू नये. १९६७ च्या भूकंपानंतर आम्ही काही काळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. वडिलांचा ट्रान्झिस्टर आत मुका होई, दाराबाहेर नेला की बोलू लागे. कार्बनच्या अंगात ठेवलेल्या एरियलची गत तीच.

ट्रान्सपाँडरचे एरियल बोटाएवढे, कारण त्याची लहरसंख्या १०९० मेगाहर्ट्झ. त्याला पंधरा सेंटिमीटर व्यासाची चकती पुरते. ती बसणाऱ्या माणसाच्या आणि एरियलच्या मध्ये यावी, म्हणजे लहरींचा मारा खाली राहतो. अपघातात आपोआप हाक देणाऱ्या यंत्राकडे मात्र बांधणारे दुर्लक्ष करतात. १२१.५ मेगाहर्ट्झवरची हाक उपग्रहांनी ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले. आता ४०६ वर ऐकतात. त्याची काठी अठरा सेंटिमीटरच्या सुमारास, आणि तिलाही आपली जमीन हवी. आमच्यासारख्या दऱ्यांत उतरावे लागले तर डोंगर चारी बाजू अडवितात, वरचे आकाश तेवढे मोकळे असते.

शेवटी मोजणी. विमान पत्र्याच्या छपराबाहेर, मोकळ्या मैदानात न्यावे आणि मीटर लावावा. एक म्हणजे उत्तम, दोनपर्यंत चालते. तीन आले तर पाठविलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा परत येतो. माझ्या विद्यार्थ्याचा आकडा दीडवर आला. बटण दाबले तरी पेट्रोलची सुई आता जागची हलत नाही.