घुमटाकार घराला कर्ज मिळते का?

बँकेत असताना जुन्या वाड्यांच्या मूल्यांकनाचे अहवाल माझ्या टेबलावर पुष्कळ आले. शेजारी तसा दुसरा वाडा विकला गेलेला नसे. मग किंमत ताडायची कशाशी?

अमेरिकेतही ही अडचण आहेच. तिथे १९३४ साली स्थापन झालेले फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बुडाले तर बँकेला भरपाई देण्याचा विमा उतरवते. त्यामुळे साडेतीन टक्के रक्कम गाठीला असलेलाही घर घेऊ शकतो. घर ओंडक्यांचे किंवा घुमटाकार आहे, एवढ्यावरून ते बाद होत नाही. अशा घराला गिऱ्हाईक आहे, हे मूल्यांककाने दाखवायचे; त्यासाठी लांबच्या वस्तीतले, थोडे जुने व्यवहारही धुंडाळायचे.

खरी मेख दुरुस्तीत आहे. १९७८ पूर्वीच्या घराच्या रंगाचे पोपडे सुटले असतील, तर त्यात शिसे आहे असे धरून ते काढावेच लागतात. ही धूळ मुलांच्या पोटात जाते, तेव्हा नियम योग्यच. पण साडेतीन टक्केवाला हा खर्च कुठून करणार? त्याच्यासाठी ‘२०३ (के)’ ही योजना आहे. मला ती फार शहाणपणाची वाटते. खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात. आणि दुरुस्तीनंतर घर किती किमतीचे होईल, हे मूल्यांककाने आधीच सांगायचे.