एक व्यक्ती कंपनी: भिलाईतील लहान उद्योजकांसाठी

हथखोजमधील फॅब्रिकेशनचा कारखाना एकल मालकीचा असेल, तर धंद्याच्या थकबाकीपोटी मालकाचे राहते घरही जाऊ शकते. कंपनी अधिनियम, 2013 नुसार एकट्या भारतीय नागरिकालाही कंपनी स्थापन करता येते. मात्र आपल्या पश्चात सभासद होणाऱ्या नामनिर्देशित व्यक्तीची लेखी संमती जोडावी लागते. अर्ज ‘स्पाइस प्लस’ नमुन्यात ऑनलाइन करावा. पॅन व टॅन त्यातच मिळतात. अधिकृत भांडवल 15 लाख रुपयांपर्यंत असल्यास नोंदणी शुल्क नाही, मुद्रांक शुल्क वेगळे. छत्तीसगडचे कंपनी निबंधक बिलासपूरला आहेत, पण अर्जासाठी तिथे खेपा घालाव्या लागत नाहीत.

कर्ज देताना बँक बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी मागते. तिच्यावर सही केली की त्या कर्जापुरते मर्यादित दायित्वाचे संरक्षण राहत नाही, म्हणून हमीपत्र नीट वाचावे. उलाढाल शून्य असली तरी वार्षिक विवरणपत्रे भरावीच लागतात. उशीर झाल्यास प्रत्येक विवरणपत्रामागे दररोज 100 रुपये.