वाहता कान आणि तीन इवली हाडे

“पोराचा कान वाहतो, पण दुखत नाही. मोठा झाला की थांबेल आपोआप.” वस्तीवस्तीत आम्हाला हे ऐकायला मिळते. दुखत नाही म्हणून दवाखाना लांबणीवर पडतो. पण दुखणे थांबले म्हणजे आजार थांबला असे नाही. ते समजण्यासाठी आधी कान आतून कसा असतो ते पाहू.

मोठ्या माणसाच्या कानाच्या भोकातून साधारण अडीच सेंटिमीटर आत एक पातळ पडदा असतो. रुंदीला जेमतेम एक सेंटिमीटर. त्याच्या मागे हवेने भरलेली छोटी पोकळी आहे. तिला मध्यकर्ण म्हणतात. या पोकळीत तीन हाडे एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांची नावे पडली : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोड्यावर बसणारा ज्यात पाय अडकवतो ती कडी. हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड. उंची सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. तिन्ही हाडे एका रुपयाच्या नाण्यावर सहज मावतील.

एवढ्याशा हाडांचे काम मात्र मोठे. त्यांच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला आतला कान आहे आणि तो पाण्यासारख्या द्रवाने भरलेला असतो. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरची हाक नीट ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक परत फिरतो. इथेही तसेच झाले असते. पण आवाजाने पडदा हलतो, पडद्याला चिकटलेली हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते आणि ऐरण रिकिबीला. रिकिबीच्या तळापेक्षा पडदा सुमारे १७ पट मोठा आहे. मोठ्या जागेवरचा जोर छोट्या जागेवर एकवटतो, म्हणून आवाज आतल्या द्रवात पोचतो.

मध्यकर्णातून एक नळी नाकाच्या मागे घशात उतरते. आवंढा गिळला, जांभई दिली की ती उघडते आणि पोकळीत हवा खेळते. तान्ह्या बाळाची ही नळी मोठ्यांच्या निम्मीच लांब आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीतले जंतू पटकन कानात चढतात. बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे, घरात चुलीचा किंवा विडी-सिगारेटचा धूर असणे, यांनी हा त्रास वाढतो.

पोकळीत पू साठला की कान ठणकतो. मूल रात्रभर रडते. मग पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो. इथेच घरच्यांची फसगत होते. पडद्याचे लहान भोक पुष्कळदा आपोआप बुजते हे खरे. पण दोन आठवड्यांच्या वर कान वाहत राहिला, तर आजार जुना होऊ लागला असे समजावे. वर्षानुवर्षे राहिलेला पू आणि सूज ही इवली हाडे झिजवते. सर्वांत आधी बहुधा ऐरणीचे खालचे टोक जाते, कारण तिथे रक्तपुरवठा कमी असतो. साखळीची कडी तुटली की आवाज पुढे जात नाही.

असे मूल ठार बहिरे होत नाही, त्याला अर्धवट ऐकू येते. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. मागच्या बाकावर बसून ते शुद्धलेखनात शब्द गाळते, विचारले तर भलतेच उत्तर देते. मग घरी आणि शाळेत त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. दोष बुद्धीचा नसतो, कानाचा असतो. टीव्हीचा आवाज वाढवणारे, पाठीमागून मारलेल्या हाकेला ओ न देणारे मूल असेल, तर आधी कान तपासून घ्या.

वाहत्या कानात गरम तेल, लसणाचे तेल, पाल्याचा रस, अंगावरचे दूध काहीही घालू नका. काडी, पिन घालू नका. रस्त्यावर कान कोरणाऱ्यापुढे बसू नका. जुने थेंबही डॉक्टरांना न विचारता घालू नका. पडद्याला भोक असताना काही औषधे आतल्या कानाला इजा करतात. स्वच्छ, कोरड्या सुती कापडाची वात करून पू टिपून घ्या आणि वात दरवेळी नवी घ्या. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा, नंतर काढा. तळ्यात, नदीत पोहणे बंद.

पुवाला घाण वास येत असेल, कानामागे सूज आली, तोंड वाकडे झाले, चक्कर येऊ लागली किंवा तापाबरोबर डोके फार दुखून उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. आजार हाडातून मेंदूकडे सरकल्याची ती खूण असू शकते.

फाटलेला पडदा शस्त्रक्रियेने बसवता येतो. झिजलेल्या हाडाची जागाही भरून काढता येते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. तिच्यात कानाचे आजारही येतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि कान वाहतो हे स्वतःहून सांगा. उपचार चालू असेपर्यंत बाईंना किंवा सरांना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवून घ्या.