बधिर ओठाचा नकाशा

अक्कलदाढ काढून दोन महिने झाले. सूज उतरली, टाके गेले, पण चहाचा कप ओठाला लावला की अर्धाच कप लागल्यासारखा वाटतो. हनुवटीला शिताचा कण चिकटला तर समोरच्याने सांगावं लागतं. दाढी करताना कापलं तर रक्त दिसल्यावर कळतं. भूल उतरली, पण तेवढा एक तुकडा मागे राहिला.

असा बधिर तुकडा दोन नसांपैकी एकीचा असतो. एक खालच्या जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून दाढांच्या मुळांखालून जाते आणि हनुवटीपाशी बाहेर येऊन ओठाला संवेदना देते. दुसरी जिभेची. ती अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने, हिरडीच्या अगदी लगत जाते. काहींच्यात हाडाला चिकटूनच. शिवाय जिभेच्या पुढच्या भागाची चव वाहणारे तंतूही तिच्याच सोबतीने येतात. इजा अक्कलदाढ काढताना होते, तशी इम्प्लांट बसवताना, जबडा मोडल्यावर किंवा रूट कॅनालचं औषध मुळाबाहेर गेल्यावरही होते.

नस दुखावली म्हणजे तुटलीच असं नाही. ऑक्सफर्डला युद्धातल्या जखमींवर काम करणाऱ्या हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या: नुसता धक्का, आतले तंतू तुटलेले पण आवरण शाबूत, आणि पूर्ण तुटलेली नस. पहिली आपोआप बरी होते, दुसरी सावकाश, तिसरी सहसा सर्जनच्या हाताशिवाय नाही. पंचाईत अशी की पहिल्या दिवशी तिन्ही सारख्याच बधिर असतात.

म्हणून नकाशा काढायचा. पेशंटने डोळे मिटायचे. डॉक्टर कापसाचं टोक फिरवतात, टोचतात, दोन टोकं एकदम टेकवून एक लागलं की दोन ते विचारतात आणि बधिर भागाची सीमा हनुवटीवर पेनाने आखतात. फोटो, तारीख. पुढच्या खेपेला सीमा आत सरकली असेल तर थांबायला हरकत नाही. महिनोन् महिने जागची हलत नसेल, तर नस उघडून पाहायचा विचार होतो.

शस्त्रक्रिया मायक्रोस्कोपखाली चालते. तुटल्या टोकाशी तंतूंची गाठ झालेली असते. ती निरोगी भाग दिसेपर्यंत कापून टाकायची आणि दोन्ही टोकं केसाहून बारीक नायलॉनने, फक्त आवरणातून टाके घालून जोडायची. ताण मात्र अजिबात नको. अंतर मोठं असेल तर पोटरीच्या मागची किंवा कानाजवळची नस घेऊन सांधतात. तेव्हा तिथे थोडी बधिरता येते, हा व्यवहार पेशंटला आधी सांगायला हवा. प्रक्रिया केलेली दात्याची नस किंवा पोकळ नळी हेही पर्याय आहेत.

मग वाट पाहणं. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. स्पर्श बराचसा परततो, पण पूर्वीसारखा क्वचितच. चव त्याहून कमी. आणि बधिरतेऐवजी जळजळ, विजेसारख्या कळा रुजल्या असतील, तर टाक्यांनी त्या जातीलच असं नाही.

‘होईल हळूहळू’ हे पुष्कळदा खरं ठरतं, म्हणूनच ते वर्षभर सांगता येतं. तोवर नसेचा तुटल्या जागेपलीकडचा भाग आक्रसतो आणि जोडणीचा फायदा घटतो. तेव्हा बधिरता उरली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच जबड्याच्या सर्जनकडे जा आणि आपला नकाशा तारखेसह लिहून मागा.